सांधा झिजतो की पोखरला जातो?

मराठी बोलण्यात सांध्यांच्या दुखण्याला बहुधा एकच नाव दिले जाते, ते म्हणजे वात. पासष्ट वर्षांच्या आजीबाईंचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, तो वात. पस्तिशीच्या सुनेच्या बोटांचे सांधे पहाटे सुजून येतात आणि तिला कणीक मळवत नाही, तोही वात. घरातील वडील माणसे दोघींस एकच तेल चोळावयास सांगतात, दोघींचे आंबट व वातूळ पदार्थ बंद करितात, आणि दोघींस एकच धीर देतात की, हे दुखणे असेच चालावयाचे, त्याकडे फार लक्ष देऊ नये. आजीबाईंच्या बाबतीत या सल्ल्याने फारसे बिघडत नाही. सुनेच्या बाबतीत मात्र तो तिच्या हातांच्या मुळावर येऊ शकतो. तिचा रोग निराळा आहे, त्याची चाल निराळी आहे, आणि त्याला थोपविण्याची वेळ फार लवकर निघून जाते.

विज्ञानविषयक लेखन मराठीत आणणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे शब्दांच्या अशा घोटाळ्याकडे माझे लक्ष आधी जाते. भाषेतील एक शब्द सैल असल्याने कोणाचे काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. या एका बाबतीत पुष्कळ बिघडते, असे माझे मत आहे; आणि ते पटवून देण्यासाठी सांध्याच्या आत काय घडते, याची हकिकत थोड्या विस्ताराने सांगणे भाग आहे.

आजीबाईंच्या गुडघ्यात हाडांच्या टोकांवर जे गुळगुळीत आवरण असते, ज्यास कूर्चा म्हणतात, ते भाराने, जुन्या इजांमुळे व वयोमानाने विरत जाते. लोक याला सांध्यांची झीज म्हणतात. हा शब्द तंतोतंत बरोबर नाही, कारण त्या सांध्यातही काही रासायनिक घडामोडी चालू असतातच. पण व्यवहाराला तो पुरतो. सुनेचा रोग म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. हा रोग कोणत्याही वयात, पण बहुधा ऐन उमेदीच्या वर्षांत लागतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुपटी-तिपटीने अधिक होतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांध्यांच्या विकारांची पाहणी सुरू केली. तीत प्रौढ माणसांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना हा रोग असल्याचे आढळले. दोनशे माणसांत एक, हे प्रमाण लहान वाटते. परंतु मोठ्या गावाला लावून पाहिले म्हणजे असे रोगी किती निघतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

नावांचा घोटाळा केवळ मराठीतच आहे असे नाही. पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयातील नऊ स्त्रियांचे वर्णन लांद्रे-बोव्हे नावाच्या तरुण वैद्याने १८०० साली आपल्या प्रबंधात केले, ते या रोगाचे यूरोपातील पहिले स्पष्ट वर्णन समजले जाते. आणि त्यानेही त्यास गाउट या जुन्या रोगाचाच एक प्रकार मानले. पुढे १८५९ साली लंडनच्या आल्फ्रेड गॅरड यांनी ऱ्हुमॅटॉइड हे विशेषण रूढ केले. त्याचा सरळ अर्थ 'ऱ्हुमॅटिझमसारखा' एवढाच होतो, आणि ऱ्हुमॅटिझम ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ वाहणे असा आहे. शरीरातून काही दूषित रस वाहत येऊन सांध्यांत साचतो, ही त्यामागील जुनी कल्पना. आपल्याकडील वाताची कल्पनाही फारशी दूरची नाही. माधवनिदानात आमवाताचे जे निराळे प्रकरण आहे, ते वाचताना आजच्या वैद्यालाही आपल्या रोग्यांची आठवण होईल, इतके ते निरीक्षण सूक्ष्म आहे. मात्र त्यावरून आजचे ज्ञान आमच्या पूर्वजांना होतेच, असे म्हणणे मला गैर वाटते. लक्षणे पाहणे आणि कारण शोधणे ही दोन कामे आहेत. पहिले काम त्यांनी उत्तम केले; दुसरे काम करण्याची साधने त्या काळी जगात कोणापाशीच नव्हती.

आता सांध्याकडे वळू. दोन हाडांची टोके कूर्चेने मढविलेली असतात आणि त्यांच्याभोवती एक पिशवी असते. या पिशवीला आतून एक पातळ अस्तर असते. ते इतके नाजूक असते की निरोगी सांध्यात पेशींचे एक-दोनच थर सापडावेत. सांध्यातील वंगणासारखा द्रव हे अस्तरच तयार करिते. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात प्रथम बिघडते ते हे अस्तर. ते जाड होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात, रक्तातील संरक्षक पेशी तेथे येऊन ठाण मांडतात, आणि अखेरीस एखाद्या वेलीने भिंतीवर चढावे तसे ते कूर्चेवर व हाडाच्या कडेवर पसरू लागते. शल्यवैद्यांनी हे फार पूर्वी डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे साहजिकच असा समज झाला की, हे वाढलेले अस्तर कूर्चेला चिकटून तिला खाते.

हा समज अपुरा आहे, हे एका साध्या पण मार्मिक प्रयोगाने कळले. केंब्रिज येथील ऑनर फेल या विदुषींनी शरीराबाहेर, काचेच्या बशीत ऊती जिवंत ठेवण्याच्या शास्त्रात आपले आयुष्य घालविले होते. १९७७ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी जब या सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी डुकराच्या सांध्यातील कूर्चेचे तुकडे आणि अस्तराचे तुकडे एकत्र वाढविले. काही बश्यांत कूर्चा जिवंत होती. काहींत ती आधी मारलेली होती. काही ठिकाणी दोहोंचा स्पर्श होऊ दिला होता, काही ठिकाणी त्यांच्यात अंतर ठेविले होते. मृत कूर्चेला अस्तर चिकटलेले असेल तरच ती विरघळे; अंतर ठेविले की तिला काही होत नसे. जिवंत कूर्चा मात्र अस्तरापासून दूर असतानाही विरघळू लागली.

या निष्कर्षाचा अर्थ वाचकांनी थोडे थांबून ध्यानात घ्यावा. दूर असलेले अस्तर जर कूर्चेला स्वतः खात असते, तर त्याच्या स्रावाने जिवंत व मृत दोन्ही कूर्चा सारख्याच नष्ट झाल्या असत्या. केवळ जिवंतच नष्ट होते, याचा अर्थ अस्तराकडून काहीतरी निरोप निघतो, तो द्रवातून कूर्चेतील पेशींपर्यंत पोचतो, आणि तो मिळताच त्या पेशी ज्या घरात राहतात तेच घर मोडावयास लागतात. पुढे डिंगल व साकलातवाला प्रभृती संशोधकांनी केंब्रिजच्याच स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेत हा निरोप वेगळा काढण्याचे काम हाती घेतले आणि त्या द्रव्यास कॅटाबोलिन असे नाव दिले. त्याच सुमारास बोस्टन येथे डायर व क्रेन यांना असे आढळले होते की, रक्तातील पांढऱ्या पेशींचा स्राव सांध्यातील पेशींना कोलॅजेन तोडणारे विकर निर्माण करावयास लावतो. निरनिराळ्या प्रयोगशाळा निरनिराळ्या नावांनी ज्याचा पाठलाग करीत होत्या ते द्रव्य एकच निघाले. आज त्यास इंटरल्यूकिन-१ म्हणतात.

कूर्चेचे घर कसे मोडते, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडील कुडाच्या भिंतीत आत कामट्यांचा सांगाडा असतो व वरून मातीचा लेप असतो. कूर्चेत कामट्यांचे काम कोलॅजेनचे तंतू करितात, आणि लेपाच्या जागी पाणी धरून ठेवणारे ॲग्रेकॅन नावाचे द्रव्य असते. निरोप पोचताच प्रथम ॲग्रेकॅन तुटून वाहून जाते. या अवस्थेत निरोप थांबला तर पेशी नवा लेप देऊ शकतात, आणि कूर्चा पुष्कळ अंशी सावरते. परंतु निरोप येतच राहिला आणि कोलॅजेनचे जाळे तुटले, तर ते पुन्हा पूर्वीसारखे विणले जात नाही. मोठ्या माणसाच्या शरीराला ती विद्या राहिलेली नसते. उपचारांच्या वेळेला एवढे महत्त्व का, याचे एक कारण येथे आहे.

पेशीपेशींमधील अशा निरोपांच्या प्रथिनांना सायटोकाइने म्हणतात. हे नाव १९७४ साली स्टॅन्ली कोएन यांनी सुचविले. पेशी व गती या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ते बनविलेले आहे. त्यासाठी मराठीत पेशीदूत, पेशीप्रेरक असे शब्द घडविता येतील, आणि कोणी घडविले तर मी त्यांस विरोध करणार नाही. मला स्वतःला मूळ नाव ठेवावेसे वाटते. रोग्याच्या हाती जो औषधाचा कागद येतो, त्यावर हेच नाव असते; पुस्तकातला शब्द त्या कागदाशी जुळला नाही, तर वाचकाच्या ज्ञानाचा ऐन वेळी उपयोग होत नाही. 'इन्फ्लमेशन' या शब्दाची गोष्ट निराळी. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने त्याची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्णता व वेदना. आपल्या पारिभाषिक कोशांनी त्यासाठी शोथ शब्द घेतला, त्यात सूज आली. व्यवहारात दाह म्हणतात, त्यात उष्णता आली. चारही लक्षणे एका शब्दात मावत नाहीत. मी दाह पसंत करितो, कारण तो शाळेतल्या मुलालाही उच्चारताच समजतो.

सायटोकाइनांची संख्या मोठी आहे आणि आजारी सांध्यात ती डझनांनी सापडतात. त्यामुळे १९८० नंतरच्या वर्षांत अनेक विद्वानांचे मत असे होते की, यांतील एखादे रोखून काही साधणार नाही. एक दार लावले तर दुसरे उघडेच राहील. लंडनच्या केनेडी संशोधन संस्थेतील मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी हे मत तपासून पाहावयाचे ठरविले. मैनी यांचा जन्म पंजाबातील लुधियाना येथे १९३७ साली झाला, हे येथे सांगितल्यास वाचकांस आवडेल. मात्र त्यांचे बालपण पूर्व आफ्रिकेत गेले आणि कार्य इंग्लंडात घडले.

त्यांच्या गटातील फिओन्युला ब्रेनन यांनी रोग्यांच्या सांध्यांतून काढलेल्या पेशी बशीत वाढविल्या. त्या पेशी आपणहून इंटरल्यूकिन-१ निर्माण करीत राहत. मग त्यांनी त्यात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, संक्षेपाने टी.एन.एफ., या दुसऱ्या सायटोकाइनाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे घातली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात टी.एन.एफ. अडविताच इंटरल्यूकिन-१ चे उत्पादनही खाली आले. याचा अर्थ या निरोपांत वरिष्ठ-कनिष्ठ असा क्रम आहे, आणि टी.एन.एफ. त्यात बराच वर बसतो. अथेन्स येथे कोलियास यांनी १९९१ साली मनुष्याचा टी.एन.एफ. जास्त प्रमाणात निर्माण करणारे उंदीर तयार केले. त्यांना आपोआप संधिदाह झाला, आणि प्रतिपिंडे दिली असता तो टळला. टी.एन.एफ. चे नाव मात्र अद्याप जुन्याच शोधाची खूण वागविते. उंदरांतील अर्बुदांच्या गाठी ज्यामुळे मरतात असा पदार्थ म्हणून न्यू यॉर्कमध्ये १९७५ साली त्याचे वर्णन झाले होते. सांध्यांशी त्याचा संबंध येईल, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

१९९२ साली लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रोग्यांना हे प्रतिपिंड प्रथम देण्यात आले. हे रोगी इतर औषधांनी हरलेले होते. थोड्याच दिवसांत त्यांची सूज उतरली, सकाळचा ताठरपणा कमी झाला, थकवा गेला. औषधाचा परिणाम ओसरल्यावर रोग परत आला, आणि काहींना औषध पुन्हा दिल्यावर तो पुन्हा मागे हटला. रोग परत येणे रोग्यांच्या दृष्टीने दुःखाचे होते. पण कार्यकारणभावाचा इतका स्पष्ट पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो. १९९४ साली त्र्याहत्तर रोग्यांवर, खरे औषध कोणास व नुसते द्रावण कोणास हे गुप्त ठेवून, परीक्षा झाली आणि तिने पहिला अनुभव पक्का केला. आज ही औषधे जगभर वापरली जातात. त्यांचा गुण सर्वांना येत नाही. पुष्कळ रोग्यांत तो अर्धवटच राहतो. अशांपैकी काहींना इंटरल्यूकिन-६ रोखणाऱ्या औषधाचा उपयोग होतो. त्या सायटोकाइनाचा शोध ओसाका येथील किशिमोतो यांच्या प्रयोगशाळेत लागला.

ज्या गोष्टीसाठी ही सारी हकिकत सांगितली, ती आता येते. वेदना आणि नाश या दोन वेगळ्या वाटा आहेत. दाहात वेदना जाणवावयास मुख्यतः प्रोस्टाग्लँडिने नावाची द्रव्ये कारण होतात. ॲस्पिरिन व तत्सम गोळ्या त्यांचीच निर्मिती थांबवितात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले आणि त्यासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गोळी घेतली की रोग्याला बरे वाटते. ते खरोखरचे बरे वाटणे असते, त्यात फसवणूक नाही. परंतु टी.एन.एफ. व इंटरल्यूकिन-१ यांचे काम त्या गोळीने थांबत नाही. ती सायटोकाइने कूर्चेतील पेशींना निरोप देतच राहतात, आणि हाडाच्या कडेला त्यांचे दुसरे काम चालू असते. शरीरात जुने हाड विरघळविणाऱ्या काही पेशी असतात. त्यांना अस्थिभक्षी पेशी म्हणता येईल. नवे हाड घडण्यासाठी त्यांची नेहमीच गरज असते. आजारी सांध्यातील सायटोकाइने रँकल नावाच्या आणखी एका निरोपामार्फत या पेशींची संख्या वाढवितात, आणि मग त्या हाडाच्या कडेत खड्डे पाडतात. हा रँकल ज्यांच्यात मुळीच नाही अशा उंदरांना २००१ साली संधिदाह करविण्यात आला. त्यांचे सांधे सुजले, पण हाडे बहुतांशी शाबूत राहिली.

माणसांतील पुरावा याहून बोलका आहे. टी.एन.एफ. रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅब या औषधाची ४२८ रोग्यांवर परीक्षा झाली, तिचे वर्षभराचे फळ २००० साली प्रसिद्ध झाले. मेथोट्रेक्सेट हे नेहमीचे औषध सर्वांनाच चालू होते. काहींना त्याच्या जोडीस नवे औषध दिले होते. नुसत्या जुन्या औषधावरील रोग्यांच्या क्ष-किरण चित्रांत हाडांवरील खड्डे वाढत गेलेले दिसले. जोडीचे औषध मिळालेल्यांत ही वाढ जवळजवळ थांबली. विशेष हे की, ज्यांना दुखण्यात व सुजेत म्हणावा तसा आराम पडला नाही, त्यांच्याही हाडांचे नुकसान पुष्कळ कमी झाले. दुखते किती, यावरून नुकसान किती, हे नेहमी सांगता येत नाही. आणि उलटही तितकेच खरे आहे.

म्हणूनच 'दुखणे सोसते आहे, तोवर डॉक्टर कशाला' हा आपल्या घरोघरचा विचार मला या रोगात सर्वांत घातक वाटतो. या रोगात हाडांवरील पहिले खड्डे पुष्कळ रोग्यांत पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतात. आपल्याकडे ही दोन वर्षे बहुधा कशात जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रथम तेल, मग शेक, मग कोणीतरी सांगितलेला काढा, मग औषधाच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी, आणि शेवटी एखाद्या गावची प्रसिद्ध पुडी. या पुड्यांपैकी काहींत कॉर्टिझोनच्या जातीचे स्टेरॉइड गुपचूप मिसळलेले आढळते. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी १९४८ साली कॉर्टिझोन प्रथम या रोगात वापरले, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली, आणि १९५० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध सायटोकाइनांनाही दाबते; योग्य डॉक्टराच्या हाती ते आजही उपयोगी पडते. पण किती घेतो आहोत हे न कळता महिनोन् महिने घेतले तर ते हाडे ठिसूळ करिते, साखर वाढविते आणि अंगची प्रतिकारशक्ती खचविते. पुडीने 'गुण आला' असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो; काय खाल्ले, एवढेच त्याला ठाऊक नसते.

दोन वर्षे जाण्यात घरातील बाईचा स्वभावही वाटेकरी असतो. सर्वांचे आटोपून उरलेल्या वेळात ती आपल्या दुखण्याकडे पाहते. सकाळी तासभर मुठी वळत नाहीत, हे ती कोणाला सांगत नाही. ती तासभर आधी उठते. येथे शाळांनी व ग्रंथालयांनी करण्यासारखे काही आहे. दोन्ही हातांच्या बोटांचे, मनगटांचे किंवा पायांच्या बोटांचे सांधे सुजलेले असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या-एक तासाहून अधिक टिकत असेल, आणि असे सहा आठवडे चालले असेल, तर डॉक्टरला दाखविले पाहिजे, एवढी माहिती आठवीतल्या मुलाला सहज समजेल. ते मूल ती घरी आईला सांगेल. माझा अनुभव असा की, घरातील स्त्रिया डॉक्टरचे जितके ऐकत नाहीत तितके शाळेतून आलेल्या मुलाचे ऐकतात.

उपचार म्हणजे लगेच महागडी प्रतिपिंडे, असे कोणी समजू नये. पहिले औषध बहुधा मेथोट्रेक्सेट हेच असते, आणि ते स्वस्त आहे. या औषधाच्या वंशाशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडरले प्रयोगशाळेत फोलिक आम्लाच्या विरोधी द्रव्यांचे हे कुटुंब तयार झाले. १९४८ साली सुब्बाराव वारले. तेव्हा ही द्रव्ये मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी नुकतीच वापरात येत होती. अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदा दिले असता हे औषध संधिदाह आवरते, हे १९८५ च्या सुमारास काटेकोर परीक्षांनी सिद्ध झाले. पण कर्करोगाचे औषध म्हणून कोणी कानात सांगितले की अनेक रोगी ते टाकून देतात. संधिवातासाठी त्याची मात्रा फारच लहान असते, हे त्यांना कोणी सांगत नाही. दुसरी चूक याहून भयंकर आहे. आठवड्याची गोळी कोणी समजुतीच्या घोटाळ्याने रोज घेतली, तर ती प्राणावर बेतते. मराठीत लिहिलेल्या औषधचिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदाच, अमुक वारी' हे शब्द ठळक असावेत, वार लिहिलेला असावा, असा माझा आग्रह आहे. हे औषध चालू असताना रक्ताची व यकृताची तपासणी ठराविक काळाने करावी लागते, आणि गर्भारपणात ते घ्यावयाचे नसते.

टी.एन.एफ. रोखणाऱ्या औषधांबद्दल आपल्या देशात एक सावधगिरी विशेष पाळावी लागते. हे सायटोकाइन आपला शत्रू म्हणून जन्मलेले नाही. क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे त्यांच्याभोवती पेशींचा जो वेढा पडतो, तो टिकवून धरण्याचे काम टी.एन.एफ. करितो. आपल्याकडे असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात हे जंतू अशा वेढ्यात निपचित पडलेले असतात. टी.एन.एफ. अडविला की वेढा ढिला पडतो. इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यानंतर क्षय उद्भवलेल्या सत्तर रोग्यांची माहिती २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून ही औषधे सुरू करण्यापूर्वी लपलेल्या क्षयाची तपासणी करणे हा नियम झाला. 'सायटोकाइनांचा नायनाट', 'शरीरातील दुष्ट रसायने' असली भाषा वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते, तेव्हा मला हा क्षयाचा वेढा आठवतो. निरोप वाईट नसतो. तो थांबावयास हवा तेव्हा थांबत नाही, हा रोग आहे.

या औषधांची किंमत हा मोठा प्रश्न होता व पुष्कळांच्या बाबतीत अजूनही आहे. २०१४ साली अडालिमुमॅब या प्रतिपिंडाचे जगातील पहिले प्रतिरूप भारतात तयार होऊन मूळ औषधाच्या मानाने पुष्कळ स्वस्त दराने विक्रीस आले. तरीही सर्वसाधारण कुटुंबाला ते परवडते, असे म्हणवत नाही. म्हणून वेळेवर सुरू केलेल्या स्वस्त गोळीचे मोल आपल्याकडे इतर देशांपेक्षा अधिक आहे.

शब्दांच्या प्रश्नावर माझी सूचना साधी आहे. संधिवात हा शब्द लोकांच्या तोंडून काढून घेता येणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. पण पाठ्यपुस्तकांत, आरोग्यकेंद्रांच्या भिंतीवरील फलकांवर आणि अशा पुस्तिकांत दोन जोडनावे नेहमी वापरावीत : आजीबाईंच्या गुडघ्यासाठी 'झिजेचा संधिवात' आणि सुनेच्या बोटांसाठी 'दाहाचा संधिवात'. दुसऱ्या नावाखाली फलकावर दोनच ओळी असाव्यात : हा वयाचा रोग नव्हे, सूज सहा आठवड्यांत उतरली नाही तर रक्त तपासून घ्यावे. फलकावर जागा उरल्यास तिसरी ओळ जवळच्या ज्या रुग्णालयात सांध्यांचा डॉक्टर बसतो, त्याच्या नावाची व वाराची असावी.